भाटी, बोका आणि भूभू : छोट्या ऑपरेशनच्या मोठ्या गोष्टी

अमेरिकेत टेक्सास राज्यात बॉनहॅम नावाचं गाव आहे. तिथल्या डस्टी नावाच्या मांजरीने आयुष्यभरात ४२० पिल्लं दिली. शेवटचं पिल्लू झालं १२ जून १९५२ रोजी. सर्वाधिक पिल्लांचा गिनीज विक्रम तिच्या नावावर आहे. आकडा वाचून तोंडात बोट जातं आणि दुसऱ्याच क्षणी त्या जिवाची दया येते. गाभण राहायचं, व्यायचं, पाजायचं, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहायचं. मध्ये श्वास घ्यायला उसंत नाही.

आपल्या घरातल्या मनीची किंवा राणीची यातून सुटका करणारं ऑपरेशन अर्ध्या-पाऊण तासाचं असतं. त्याच्याभोवती नवलाच्या इतक्या गोष्टी आहेत की नेमकी कुठून सुरुवात करावी हा प्रश्न पडतो. मांजरांपासून करू या.

पाचव्या महिन्यातली 'मोठी' मुलगी

चार-पाच महिन्यांचं मांजराचं पिल्लू आपल्या लेखी बाळच असतं. दोऱ्याच्या गुंडीमागे धावणारं, पडद्यावर चढणारं. पण त्याच वयात भाटी माजावर येऊ शकते. मग रात्रभर आर्त ओरडणं, जमिनीवर लोळणं, पाठीवरून हात फिरवला की मागचा भाग उंच करणं सुरू होतं. पहिल्यांदा मांजर पाळणारी मंडळी घाबरून डॉक्टरांना फोन करतात, 'हिच्या पोटात दुखतंय का हो?'

मांजरीच्या शरीराची एक खासियत आहे. तिचं बीज आपोआप सुटत नाही, बोक्याशी संग झाल्यावरच सुटतं. त्यामुळे संग वाया जाण्याची शक्यता फार कमी. संग झालाच नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर येते आणि सगळा प्रकार नव्याने सुरू होतो. शिवाय एका माजात तीन बोके भेटले, तर एकाच वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. एक पिल्लू काळं, एक पिवळं, एक पट्टेरी असं दिसलं तर हेही त्याचं एक कारण असू शकतं.

थंड देशांत हिवाळ्याचे दिवस फार लहान असतात, म्हणून तिथल्या मांजरी काही महिने तरी थांबतात. मांजरीचा माज उजेडाच्या तासांवर चालतो. आपल्याकडे मुंबईत ऐन डिसेंबरातही दिवस अकरा तासांचा असतो आणि घरात रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइट चालू असते. म्हणजे आपल्या मांजरींना जवळजवळ बारा महिने सुगी!

'एका जोडीपासून सात वर्षांत चार लाख वीस हजार मांजरं होतात' असा एक आकडा जगभर फिरतो. तो खरा नाही. त्यात जन्मलेलं प्रत्येक पिल्लू जगतं असं धरलेलं आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये मोकाट मांजरींच्या पिल्लांवर नजर ठेवली, तेव्हा चारपैकी तीन पिल्लं सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. मला तर त्या फुगवलेल्या आकड्यापेक्षा हा खरा आकडा जास्त अस्वस्थ करतो. 'होऊ देत पिल्लं, कोणीतरी नेईल' असं म्हणून जिन्याखाली खोक्यात ठेवलेल्या पिल्लांचं पुढे काय होतं, ते या आकड्यात आहे.

भादव्याचं गणित

आपल्या खेड्यापाड्यांत कोणालाही विचारा, कुत्र्यांचा हंगाम कधी? उत्तर मिळेल, भादवा. हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. जयपूरमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी करणाऱ्या पशुवैद्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं. दिवस लहान होऊ लागले, पावसाळा सरत आला, की कुत्र्या माजावर येतात आणि थंडीत पिल्लं होतात. घरातल्या लॅब्रॅडॉर किंवा पॉमेरियनला मात्र भादव्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्या साधारण सहा-सात महिन्यांनी, वर्षातून दोनदा 'हीट'वर येतात. दर वेळी दोन-तीन आठवडे फरशीवर रक्ताचे थेंब, दारासमोर चार नर कुत्र्यांचा पहारा आणि वॉचमनची तक्रार, हे ठरलेलं.

सोफ्याखालचं रबरी बाळ

हीट संपली, दोन महिने होत आले, आणि एक दिवस तुमची कुत्री सोफ्याखाली जाऊन बसते. बाहेर यायला तयार नाही. वाकून पाहावं तर पुढच्या पायांत तिचं रबरी बदक घट्ट धरलेलं, आणि ते घ्यायला हात पुढे केला की गुरगुरणं. स्तन भरलेले, दाबलं तर दूध. पोटात एकही पिल्लू नाही!

याला खोटं गाभणपण म्हणतात आणि कुत्र्यांमध्ये ते फार सर्रास दिसतं. कुत्री गाभण राहो वा न राहो, हीटनंतर तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुमारे दोन महिने चढंच राहतं. शरीराची समजूत अशी, की पिल्लं येणार आहेत. ती बिचारी बदकाला चाटते, पांघरूण उकरून बाळंतपणाची जागा करते, जेवण सोडते. बहुतेकींचं हे आपोआप ओसरतं. पण काही जणी दर हीटनंतर त्यातून जातात, आणि त्यांचा तो सैरभैरपणा बघवत नाही. माज उतरल्यावर, हे सगळं शांत असताना केलेलं ऑपरेशन हा त्यावरचा कायमचा इलाज आहे.

वाडगा वारंवार रिकामा का होतोय?

ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ते चढं प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचं अस्तर जाड करत राहतं आणि तोंड बंद करतं. आत एखादा जंतू, बहुतेकदा आतड्यातलाच ई. कोलाय, शिरलेला असला की त्याला उबदार, बंद खोली मिळते. पू साठायला लागतो. या आजाराचं नाव पायोमेट्रा. हीट होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी, बहुधा दोन महिन्यांच्या आत तो डोकं वर काढतो आणि मध्यमवयीन, कधीच ऑपरेशन न झालेल्या कुत्रीला गाठतो.

लक्षणं इतकी साधी असतात की घरच्यांच्या नजरेतून निसटतात. पाण्याचा वाडगा दिवसातून चार-पाचदा भरावा लागतो. 'उन्हाळा आहे ना' म्हणून सोडून देतो आपण. मग ती जेवणाला तोंड लावत नाही, एखादी उलटी होते, मागचा भाग सारखा चाटते. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर पू बाहेर दिसतो आणि निदान लवकर होतं. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, पोट फक्त फुगत जातं. हा प्रकार जास्त घातक. गर्भाशय फुटलं किंवा विष रक्तात भिनलं, तर हातात तासच उरतात. निरोगी कुत्रीचं गर्भाशय पेन्सिलीएवढं बारीक असतं. पायोमेट्रात तेच फुगून मनगटाएवढं होतं. आणि इलाज कोणता? तेच ऑपरेशन, जे सहाव्या महिन्यात निवांत झालं असतं. आता मात्र ते आजारी शरीरावर, रात्री-अपरात्री, सलाइन लावून, जिवावरची जोखीम घेऊन करायचं.

हे किती जणींना होतं, याचं उत्तर स्वीडनमधून मिळालं. तिथे कुत्र्यांचा विमा काढायची पद्धत मोठी आणि सरसकट नसबंदीची पद्धत नव्हती, त्यामुळे नोंदी चोख होत्या. दहा वर्षांची होईपर्यंत सुमारे चारपैकी एका कुत्रीला पायोमेट्रा झालेला आढळला. चारातली एक! ऑपरेशन झालेल्या कुत्रीला मात्र हा आजार व्हायला जागाच जवळपास उरत नाही.

एक विनंती इथेच. हीट थांबवायला माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या कुत्र्या-मांजरांना चारू नका, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. त्यात त्याच जातीचं संप्रेरक असतं. आपण हाताने पायोमेट्राला आणि स्तनाच्या गाठींना आमंत्रण देतो.

'एकदा तरी आई होऊ दे'

दवाखान्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच असावं. 'अहो डॉक्टर, एकदा तरी आई होऊ दे तिला, मग करू.' बोलणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण एका बाळंतपणाने कुत्रीची किंवा मांजरीची तब्येत सुधारते, याला काही आधार नाही. उलट थांबण्याची किंमत आहे. अमेरिकेतल्या १९६९ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात असं दिसलं की पहिल्या हीटआधी ऑपरेशन झालं तर स्तनाच्या गाठींचा धोका, ऑपरेशन न झालेल्या कुत्रीच्या तुलनेत, अर्धा टक्का उरतो. एका हीटनंतर ८ टक्के, दोन किंवा जास्त हीटनंतर २६ टक्के. पुढच्या काळातल्या तज्ज्ञांनी हे आकडे इतके ठाम मानू नयेत असं बजावलं आहे, तरी लवकर ऑपरेशनचा फायदा बहुतेक पशुवैद्य मानतात. मांजरींबाबत तर घाई करावी असंच कारण आहे, कारण त्यांच्या स्तनातल्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या निघतात. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींमध्ये हा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला.

हजारो वर्षं जिवंत असलेला एक कुत्रा

आता एक अशी गोष्ट, जी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता. कुत्र्यांमध्ये एक कर्करोग संगातून पसरतो. विषाणू नाही, जंतू नाही, कर्करोगाच्या पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजतात. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या शेकडो गाठींचा अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की या सगळ्या गाठी आशियातल्या एकाच कुत्र्यापासून आलेल्या आहेत, साधारण चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या! तो कुत्रा कधीच मेला, त्याच्या पेशी मात्र अजून फिरताहेत. आपल्याकडच्या रस्त्यांवर हा आजार नेहमी दिसतो. केमोथेरपीच्या इंजेक्शनांनी तो बहुधा बरा होतो, ही त्यातली चांगली बाजू. आणि पट्टा तोडून भटकायला न जाणाऱ्या, संगाच्या फंदात न पडणाऱ्या कुत्र्याला तो होण्याची शक्यता अगदी कमी.

नाशिकची वाइन आणि बोक्याची फवारणी

वयात आलेला बोका शेपूट ताठ उभी करून चपलांच्या रॅकवर, पडद्यावर, वॉशिंग मशीनवर मागच्या बाजूने फवारा मारतो. तो वास एकदा लागला की फिनेलने जात नाही. मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं खास द्रव्य असतं. त्याचं प्रमाण नराच्या संप्रेरकावर ठरतं आणि ते विघटित झालं की गंधकयुक्त उग्र रेणू तयार होतात. गंमत म्हणजे त्यांच्या जवळच्या नात्यातला एक रेणू सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनच्या सुवासातही असतो. नाशिकच्या मळ्यांत ही द्राक्षं होतात, आणि वाइनचे जाणकार खरोखरच 'मांजराच्या लघवीची छटा' असं वर्णन करतात. वाइनमध्ये तो कणभर असतो म्हणून सुवास. सोफ्यावर मात्र पेलाभर!

बोक्याचं ऑपरेशन झालं की फवारणी, भटकणं आणि मारामाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत थांबतात किंवा खूप कमी होतात. दहापैकी एखादा सवय सोडत नाही, हेही खरं. मारामाऱ्या थांबण्याचा फायदा वरवर दिसतो त्याहून मोठा आहे. मांजरांचा 'एड्स' म्हणून ओळखला जाणारा एफआयव्ही हा विषाणू मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो. माणसाला तो होत नाही. पण बोक्याला तो जन्मभर पुरतो.

नकली गोट्यांना पुरस्कार

अमेरिकेतल्या ग्रेग मिलर या गृहस्थांना आपल्या कुत्र्याचं ऑपरेशन झाल्यावर वाईट वाटलं, म्हणून त्यांनी कुत्र्यांसाठी नकली वृषणं तयार केली. 'न्यूटिकल्स' नावाने १९९५ पासून ती विकली जाऊ लागली, निरनिराळ्या मापांत. २००५ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचा 'इग नोबेल' मिळाला. पण कुत्र्याला आरशात पाहून लाज वाटत नाही. पुरुषत्व, अब्रू, 'आता त्याला काय वाटेल?' हे सगळं आपल्या डोक्यातलं. तो भूल उतरली की जेवण शोधतो. घर राखणं, अनोळखी माणसावर भुंकणं हा त्याचा स्वभाव आणि सवय असते, ती ऑपरेशनने जात नाही.

ज्यांना हे 'निसर्गाच्या विरुद्ध' वाटतं, त्यांनी एकदा गावाकडे बघावं. औताला जुंपला जाणारा बैल पिढ्यान् पिढ्या खच्ची केलेलाच असतो, आणि पोळ्याला आपण त्याचीच पूजा करतो. तिथे कोणाला पाप आठवत नाही.

आणखी एक, घाईघाईत राहून जाणारी गोष्ट. नराचं ऑपरेशन झालं तरी नळ्यांत उरलेल्या बीजामुळे तो पुढचे काही आठवडे बाप होऊ शकतो. महिनाभर त्याला माजावरच्या माद्यांपासून लांब ठेवा.

जास्त जगतात का? हो, पण…

जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ४० हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी पाहिल्या. ऑपरेशन न झालेले कुत्रे सरासरी ७.९ वर्षांचे होऊन गेले, झालेले ९.४ वर्षांचे. अपघात आणि संसर्गाने होणारे मृत्यू कमी झाले होते. काही कर्करोगांनी होणारे मृत्यू मात्र ऑपरेशन झालेल्यांत जास्त होते. जास्त जगणाऱ्याला म्हातारपणाचे आजार गाठतात, हे त्याचं एक कारण असू शकतं, एकमेव नव्हे.

म्हणूनच वय महत्त्वाचं. मांजर असेल तर पाचव्या महिन्यापर्यंत. लहान चणीची कुत्री असेल तर साधारण सहाव्या महिन्यात. लॅब्रॅडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत हाडांची वाढ पूर्ण होऊ द्यावी, असं आता बरेच डॉक्टर सांगतात, कारण फार लवकर केलं तर सांध्यांच्या तक्रारी वाढतात. मोठ्या कुत्र्यांमधल्या काही माद्यांना पुढे झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो. तो औषधाने आटोक्यात येतो. या गोष्टी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. आणि वजनाचं म्हणाल, तर ऑपरेशनने चरबी येत नाही, आपल्या हाताने येते. शरीराची गरज वीस-तीस टक्क्यांनी घटते आणि आपण मात्र 'बिचाऱ्याचं ऑपरेशन झालंय' म्हणून पोळीला तूप लावून घालतो. वाटी छोटी करा.

त्या दिवशी टेबलावर

आदल्या रात्रीपासून खाणं बंद, म्हणजे भुलीत उलटी होऊन श्वासनलिकेत जात नाही. लहान पिल्लांना मात्र फार वेळ उपाशी ठेवत नाहीत, त्यांची साखर उतरते. रक्ततपासणी होते, पुढच्या पायावरचे चार केस काढून सुई लागते, आणि अर्ध्या मिनिटात मनी डॉक्टरांच्या हातावर मान टाकते. बघवत नाही तो क्षण, पण एक माहीत असू द्या. मांजरं भुलीत डोळे सताड उघडे ठेवून झोपतात. बुबुळं कोरडी पडू नयेत म्हणून डोळ्यांत मलम घालतात. अंग गार पडू नये म्हणून खाली ऊब असते. बोक्याला तर बरेचदा टाकेही लागत नाहीत. भाटीचे टाके दहा-चौदा दिवसांनी निघतात, आणि तोवर गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर हवीच. 'चाटत नाहीये, काढू या' असं वाटून कॉलर काढली, की रात्रीतून टाके उकलतात.

सयामी मांजर असेल तर आणखी एक नवल. तिच्या केसांचा रंग त्वचेच्या तापमानावर ठरतो, थंड जागी गडद. केस काढलेली जागा थोडी गार राहते, म्हणून पोटावर किंवा कुशीवर काळपट चौकोन उगवतो. काळजी नको, पुढच्या केसगळतीनंतर तो बहुधा फिका होतो.

दंगलीपासून इंजेक्शनपर्यंत

जून १८३२ मध्ये मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली होती. इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला आणि कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी रस्त्यावर उतरले. मारून कुत्री कमी होत नाहीत हे कळायला मात्र दीड शतक गेलं. चेन्नईच्या ब्लू क्रॉस संस्थेने १९६४ मध्ये मारण्याऐवजी नसबंदीचा मार्ग धरला, मुंबई महापालिकेने १९९० च्या दशकात. २००१ मध्ये देशभरासाठी नियम आले. कानाला खाच असलेला कुत्रा दिसला की समजावं, याचं ऑपरेशन झालेलं आहे. २०२३ च्या नव्या नियमांत पाळीव प्राण्याचं लसीकरण आणि नसबंदी ही पाळणाऱ्याची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे.

अमेरिकेत बॉब बार्कर हे टीव्हीवरचे लाडके सूत्रसंचालक १९८० च्या दशकापासून निवृत्त होईपर्यंत आपल्या कार्यक्रमाचा शेवट पाळीव प्राण्यांची नसबंदी करून घ्या, असं सांगूनच करत.

आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्याच सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयातून एक नवी बातमी आली. तिथल्या सहा मांजरींना जनुकोपचाराचं एकच इंजेक्शन दिलं होतं, आणि पुढच्या दोन वर्षांत अधूनमधून बोक्याच्या सहवासात ठेवूनही एकीलाही पिल्लं झाली नाहीत. अभ्यासातल्या मांजरींची नावं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींवरून ठेवली होती! हे इंजेक्शन अजून दवाखान्यांत मिळत नाही, आणि त्याने माज थांबतोच असं नाही. तेव्हा तुमची मनी चार महिन्यांची झाली असेल, तर डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या. महापालिकेकडे किंवा जवळच्या प्राणिमित्र संस्थेकडे सवलतीतल्या शिबिराची चौकशी करा, आणि तारीख ठरेपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी लावून ठेवा.